गुन्ह्याच्या आधीच हजर

निलंग्यात कुणाचं कोंबडं जरी गायब झालं, तरी पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीवर जाती. कोंबडं मागनं हुडकतेत. हा नियम कुठं लिहिलेला न्हाई, म्हणून तर तो कधी मोडत न्हाई.

तर ऐका. त्या वस्तीवरचा सुदर्शन. पोरगं असं पळतंय, की मागं लागलेलं कुत्रं कंटाळून परत फिरतंय. सोमवारी सकाळी लातूरला त्याची पोलीस भरतीची धाव होती. हाव, पोलीसच व्हायचंय त्याला! पण रविवारी गावची जत्रा. जत्रा म्हणजे चोरी, चोरी म्हणजे सुदर्शन, आन् धाव गेली बोंबलत.

त्याची माय महानंदा म्हणली, "येड्या, आधीच जाऊन ठाण्यात बस की! कुलपातल्या माणसावर कोण आळ घेतंय? जत्रा उठली की मोकळा."

पोरगं वाकळ घिऊन ठाण्यात हजर. हवालदार संगप्पानं मान वर केली.

"काय गुन्हा?"

"अजून व्हायचाय, मामा."

"मग झाल्यावर यायचं न्हाई का?"

"तुम्हाला खामखा हेलपाटा नको म्हणलं."

इतकी जागरूक जनता संगप्पानं उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यानं पाठ थोपटली आन् कोठडीला कुलूप घातलं.

जत्रा सुखात पार पडली. आन् सोमवारी दिवस उगवायला ठाण्याच्या दारातून मोठ्या साहेबांची, रेणुकादास साहेबांचीच, बुलेट चोरीला गेली!

सुदर्शननं गजातून सगळं पाहिलं होतं. "साहेब, नेणाऱ्याचे पांढरे इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध, गळ्यात चैन. संगप्पा मामांनी सलाम ठोकला, गाडीला धक्काबी दिला."

"मला वाटलं साहेबांचे पाव्हणे," संगप्पा पुटपुटला.

साहेब गंभीर झाले. "इस्त्रीतला माणूस संशयाच्या कक्षेत बसत न्हाई. संशयित कोण?"

"सुदर्शन, सर," संगप्पा म्हणला.

"पण ते कुलपात होतं ना?"

"म्हणूनच तर! बाकीचे गुन्हा करून लपतेत, ह्यो आधीच लपला. लई सराईत हाय."

तपास योग्य दिशेला लागला. राहिलं फक्त प्रात्यक्षिक. कोठडी उघडली. साहेब म्हणले, "गाडीपस्तोर कसा गेलास, पळून दाखव."

सुदर्शननं चपला हातात घेतल्या आन् पळून दाखवलं. दार, फाटक, चौक... "थांब" कुणी म्हणायचं, साहेबांनी का हवालदारानं, हे ठरंस्तोर पोरगं दिसंना झालं.

आन् गड्यांनो, लातूरच्या मैदानावर ते वेळेत पोचलं! धावंत पहिलंबी आलं!

आता खरं सांगा. ते लातूरला कशावर गेलं असंल? बुलेटच आली न्हाई का डोळ्यापुढं?

एसटीनं गेलं, बाबांनो. तिकीट काढून. उभ्यानं. सीटा मोकळ्या होत्या तशा, पण बसमधी सगळी तुमच्याआमच्यासारखीच भली माणसं. प्रत्येकानं शेजारच्या सीटवर पिशवी ठिवली, आन् पिशवीवर हात.