जॅकखाली भीम

"यंदा आंबील डोक्यावर घेऊन मी चालत जाणार," दैवशाला नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या गाडीत बसायची न्हाय."

बब्रुवान मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. येळवस तीन दिवसांवर आली होती. त्या अमावस्येला जळकोटात घरी माणूस सापडत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडतं, आणि रानभर आंबील शिंपडल्याशिवाय कुणी पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीला हात लावत नाही. मास्तरांचं शेत गावापासून चार किलोमीटरवर होतं आणि दैवशालाचा उजवा गुडघा दोन पायऱ्या चढल्या तरी कुरकुरत होता.

पण तिचं काही चुकलं नव्हतं. मास्तरांची गाडी सतरा वर्षांची, पांढरी, उंच आणि दिसायला अजून रुबाबदार. पुढची चाकं खड्ड्यात गेली की मात्र आतून भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज यायचा. मागच्या येळवसेला ओढ्याच्या उताराला ती अशी उधळली की बिंदगीतली, म्हणजे घागरीतली, अर्धी आंबील दैवशालाच्या नव्या लुगड्यावर सांडली आणि उरलेली सासूबाईंच्या चष्म्यावर. शिंपडायला शेवटी शेजारच्या बांधावरच्या महांतप्पांकडून तांब्याभर आंबील मागून आणावी लागली. दुसऱ्याच्या आंबिलीनं आपलं रान शिंपडायचं, ही गोष्ट दैवशालाच्या मनातून वर्षभर गेली नव्हती.

"मी गाडी नीट करतो," मास्तर म्हणाले.

"तुमी?" दैवशालानं एवढंच विचारलं. मागच्या उन्हाळ्यात मास्तर घरचा पंखा दुरुस्त करायला चढले होते. तो पंखा अजून उलटा फिरतो.

मास्तर भूगोल शिकवायचे, आणि नकाशा समोर असला की माणूस कुठंही पोचतो यावर त्यांचा विश्वास होता. गॅरेजवाला येळवसेसाठी आधीच आपल्या गावी निघून गेला होता. मास्तरांनी उमरग्याहून बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बर आणि चार बुश आणले. बुश म्हणजे रबर चढवलेल्या लोखंडी नळ्या. त्या झिजल्या की गाडीची हाडं वाजतात. मोबाईलवरचा एक व्हिडिओ त्यांनी अकरा वेळा पाहिला, वहीत आकृत्या काढल्या, आणि रविवारी सकाळी, येळवसेच्या आदल्या दिवशी, अंगणात गाडीसमोर उभे राहिले.

अंगण गेटच्या बाजूला उतरतं. म्हणून मागच्या चाकांना अटकावाची उटी लावायला मास्तरांनी कुंपणाजवळचे चार दगड आणले. जॅक मातीत रुतायला लागला, तर त्याखाली पाचवा, सगळ्यात मोठा चपटा दगड सरकवला. गाडीचा सांगाडा सागाच्या ओंडक्यांवर टेकवला, जॅक चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या लोखंडी आर्मला लावला, चाक काढलं आणि पाना लावला. नट हलला नाही. तो सतरा वर्षं तिथं राहत होता, निघायचं त्याला काही कारण नव्हतं.

घरालाही शेजारीच असलेले महांतप्पा कुंपणावरून बघत होते. तीस वर्षं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस, आता नुसतं बघत बसायला कधी थकायचा नाही. "मास्तर, पान्यावर हातपंपाचा पाईप घाला," ते म्हणाले, "आणि त्याला एक जोरात शिवी द्या. शिवी दिल्याशिवाय नट सुटत नसतो." त्यांनी स्वतःच एक देऊन दाखवली. मास्तरांनी पाईपावर भार टाकला आणि नट खरोखर कुरकुरला.

त्याच वेळी नागूबाई, मास्तरांच्या आई, चुन्याचं भांडं घेऊन बाहेर आल्या. कुंपणापाशी गेल्या आणि थांबल्या.

"बबऱ्या, हितले पांडव कुठं गेले?"

मास्तरांच्या हातातला पाईप खाली आला. उन्हाळ्यात शेताची लेव्हल करताना मशिनच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून पांडव घरी आणले होते. आणले होते मास्तरांनीच. पावसात चुना धुऊन गेला, आणि पांडव कुंपणाचे साधे दगड होऊन बसले.

"चौघं मागच्या चाकाला हायेत," मास्तर हळूच म्हणाले. "भीम जॅकखाली हाय."

"काढ भायेर."

"आई, आता जॅक काढला तर आर्म खाली आदळंल, आन् परत चढवताना बी त्योच लागंल. काम झाल्याबिगर भीम निघत न्हाय."

"वजन उचलायला माणूस तरी बराबर लावलाय मास्तरांनी," महांतप्पा म्हणाले. नागूबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

नागूबाई खाली बसल्या. भीमाला आहे तिथंच कुंकू लावलं, जॅकवर फूल ठेवलं आणि हुकूम काढला, "देव हितं हाय तवर कुणी चप्पल घालायची न्हाय आन् तोंडातनं वंगाळ शब्द काढायचा न्हाय. आप्पा, तुमी बी."

मास्तर अनवाणी झाले. महांतप्पांची मोठीच पंचाईत झाली. त्यांना गाडीतलं सगळं ठाऊक होतं, पण शिवी वगळून एकही वाक्य पूर्ण येत नव्हतं. ते तोंड उघडायचे, नागूबाईंकडे बघायचे आणि मिटायचे. मग बोटांनी खुणा करायला लागले. बॉल जॉइंट निघेना तेव्हा त्यांनी हवेत हातोडा मारून दाखवला, बाजूनं, दोनदा. मास्तरांनी तसं केलं आणि जॉइंट टपकन सुटला. मास्तरांच्या तोंडून आनंदानं जे निघणार होतं, त्याचं त्यांनी वाटेतच "जय भवानी" केलं.

खरी अडचण दुपारी आली. आर्म सुटून हातात आला, जुने बुशही निघाले, पण नवे आर्मच्या भोकात जाईनात. मास्तरांनी ठोकलं, दाबलं, वहीतली आकृती उलटी धरून पाहिली. व्हिडिओतल्या माणसाकडे त्यासाठी मोठं यंत्र होतं. महांतप्पांना उपाय सुचत असावा, कारण ते लालबुंद झाले होते, पण तो खुणांनी सांगण्यातला नव्हता. मास्तर भीमाशेजारी फतकल मारून बसले. गाडी तीन चाकांवर, पांडव गाडीखाली, आणि सकाळी दैवशाला दुखऱ्या गुडघ्यानं चार किलोमीटर निघणार. त्यांना अगदी रडू यायला लागलं.

दैवशाला उद्याचे बाजरीचे उंडे वळता वळता हात पुसत बाहेर आली. तिनं आर्म उचलला, बुश त्याच्या तोंडाशी धरून पाहिला.

"माझ्या माहेरी दारात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे," ती म्हणाली. "लोखंडी कडं तापवलं की फुगतं, मग चाकावर बसतं. गार झालं की आवळतं. ह्याला बी तेच की. भोक तापवा, नळी गार करा."

तिनं चारी बुश फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि आर्म आंघोळीच्या तपेल्यात उकळायला घातला. तासाभरानं मास्तरांनी फडक्यात आर्म धरला, तिनं बर्फातला बुश भोकावर ठेवला, मास्तरांनी फळी ठेवून चार घाव घातले. बुश आत गेला. मास्तर बायकोकडे बघतच राहिले. सव्वीस वर्षं संसार केला, पण या बाईच्या डोक्यात एवढं काय काय साठवलेलं आहे ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"बघत काय बसलाव?" ती म्हणाली. "तीन ऱ्हायलेत."

संध्याकाळी चाक जमिनीला लागलं. शेवटचे बोल्ट गाडी खाली टेकल्यावरच आवळायचे, हे महांतप्पांनी दोन्ही तळवे जमिनीकडे दाबून सांगितलं आणि दमून घरी गेले. नागूबाईंनी पांडवांना आंघोळ घातली, चुना लावला आणि वाळायला कट्ट्यावर ओळीनं ठेवलं.

सकाळी दैवशाला बिंदगी घेऊन दारात उभी राहिली. गाडीकडे बघितलं, मास्तरांच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मास्तरांनी अंडी भरल्यासारखी गाडी चालवली. ओढ्याचा उतार आला. मास्तरांनी डोळे जवळजवळ मिटले. गाडी वाकली, सावरली आणि वर चढली. आवाज नाही, काही नाही. आरशात दैवशाला बिंदगीच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. एक थेंब सांडला नव्हता.

शेतात कोप उभी होती. महांतप्पा शेजारच्या बांधावर बसले होते. मास्तरांची छाती फुगलेली होती.

"बबऱ्या," नागूबाई म्हणाल्या, "गाडीतले पांडव आण."

गाडीत उंडे होते, खीर होती, चटई होती, जॅकही होता. पांडव कट्ट्यावर वाळत होते.

काल देव अंगणात होते म्हणून शिव्यांना बंदी होती. आज देव घरी होते, आणि नागूबाईंनी त्या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. महांतप्पांनी बांधावर बसल्या बसल्या डोक्यावरची टोपी काढली. तीस वर्षांच्या रस्त्यावर त्यांनी यातल्या दोन शिव्या ऐकल्या नव्हत्या.

मास्तर मान खाली घालून गाडीत बसले. शेजारचं दार उघडलं आणि दैवशाला पुढच्या सीटवर चढली, रिकाम्या हातानं.

"तू कशाला? गुडघा दुखंल."

"निघताना कट्ट्यावर दिसले व्हते मला," ती समोर बघत म्हणाली.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"येताना सगळं ध्यान बिंदगीत व्हतं. गाडी कशी चालती ते कुठं कळलं मला?" तिनं उजवा पाय लांब केला आणि सीटला पाठ टेकली. "चला. आन् ओढ्याच्या उताराला दबकत नेऊ नका. मघाशी लई हळू आणलाव."