पाण्याचा चार्ज

सेलूजवळच्या एका गावात १९९८ साली चार्ज हा इंग्रजी शब्द तीन प्रकारे चालत असे. ट्रॅक्टरच्या बॅटरीला तो करत, मोर्चावर तो लाठीने होई आणि ग्रामपंचायतीत तो नेहमी दुसऱ्याकडे असे.

किसनरावांची गाठ या तिसऱ्याशी पडली. दुसऱ्या दिवशी मुलीचं, वर्षालीचं लग्न. घरात पाहुणे आणि अख्ख्या वस्तीच्या नळाला पाणी नाही. व्हॉल्व्हची चावी पंचायतीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. किसनरावांनी सरळ हात घातला.

"थांबा, किसनभाऊ!" लिपिक हरिदास ओरडला. "चावीचा चार्ज हाये काय तुमच्याकडे?"

"नाई. पन व्हॉल्व्ह फिरवता येते मले."

"फिरवता कोनालेही येते. चार्ज पायजे."

नळवाल्याने रजेवर जाताना चार्ज ग्रामसेवकाला दिला होता. ग्रामसेवकांनी प्रशिक्षणाला जाताना तो शेजारगावच्या ग्रामसेवकाला दिला. त्यांनी नियमाप्रमाणे तो मूळ नळवाल्याकडे वर्ग केला. व्यवस्था चोख होती, फक्त पाणी नव्हतं.

किसनरावांनी आवाज चढवला. मग हरिदासने वरच्या साहेबांना फोन लावला आणि तातडीची बाब म्हणून चार्ज किसनरावांनाच देण्यात आला. ते खुशीत उठले.

"आता तं बिलकुल हात लावू नका," हरिदास म्हणाला. "तुमी अधिकारी झाले. सोताच्या घरचं पानी सोडलं तं चौकशी लागते."

किसनराव पुन्हा बसले. खुर्चीच्या वर पंखा होता. चहाही आला.

तासाभराने त्यांची बायको देवकाबाई पाणी भरायचा रिकामा पितळी गुंड घेऊन आली. "अजी, घरी पाहुने तहानले अन् तुमी काऊन बसून राह्यले? चावी तं समोरच हाये!"

"कार्यालयात आवाज नको," किसनराव म्हणाले. "विचार चालू हाये."

देवकाबाईंनी खिळ्यावरची चावी काढली, जाऊन व्हॉल्व्ह फिरवला आणि लग्न थाटात पार पडलं.

महिन्याने चौकशी लागली. बाईने चार्ज नसताना पाणी सोडलं, अशी साक्ष सगळ्या गावाने दिली. किसनरावांनी सर्वांत आधी दिली.

तुम्ही कशाला हसता? पंगतीत तुम्हीही होता, दोनदा पाणी मागून घेतलंत. देवकाबाईंच्या बाजूने चार शब्द बोला म्हटलं, तेव्हा म्हणालात, त्याचा चार्ज माझ्याकडे नाही.