हिरव्यांच्या तांबड्या

"एकशे ऐंशी!" मामांनी पिशवी टेबलावर आपटली. "एकाला एक असा बांधलेला भाव, आणि वर एकशे ऐंशी द्यायचे? कशाचे?"

"बदलून देण्याचे," मामी म्हणाल्या. "द्या आणि मोकळे व्हा. चार वाजेपर्यंत पैसे पोचवायचेत."

पूल ओलांडला की पलीकडे दुसरा देश. आपल्या नोटा हिरव्या, त्यांच्या तांबड्या. दोन्ही सरकारांनी फार वर्षांपूर्वी भाव बांधून टाकला होता, एक हिरवी म्हणजे एक तांबडी, आणि तो अजून तसूभर हललेला नव्हता. तरीही पुलाच्या तोंडाशी असलेली पैसे बदलायची खिडकी शंभरामागे दोन कापून घ्यायची. सगळा गाव मुकाट्याने देत होता. पण मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले होते आणि पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधून काढली होती. निवृत्त झाले तरी भाजीवाल्या बायका त्यांना पाहून काटा पुसून घेत. दोन्ही पारडी सरकारनेच समान केलेली असताना मधल्यामध्ये कुणी चिमूट उचलतो, म्हणजे त्यांच्या हिशेबी ती उघड चोरीच होती.

मामींना मात्र त्या एकशे ऐंशीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ओव्हन हवा होता. घरातल्या इवल्याशा ओव्हनमध्ये एका वेळी चार पाव भाजून त्यांनी सहा वर्षं गल्लीला पाव पुरवले, पै पै करून नऊ हजार साठवले आणि चौकातला गाळा एक तारखेपासून भाड्याने घेऊनही टाकला. पलीकडचा एक म्हातारा बेकरीवाला आपला सोळा ट्रेंचा ओव्हन विकत होता. फोनवर त्याने स्पष्ट सांगितलं होतं, नऊ हजार तांबड्या, रोख, चार वाजेपर्यंत. पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. हा ओव्हन हातचा गेला तर रिकाम्या गाळ्यात बसून काय विकायचं, या काळजीने मामींना आठवडाभर झोप नव्हती.

"तू पुढे हो, ओव्हन नीट पेटवून बघ," मामा म्हणाले. "मी दुपारपर्यंत तांबड्या घेऊन येतो. एक पैसा न कापता!"

"अहो, पण..."

"एक पैसा न कापता!"

मामांची युक्ती साधी होती. आपल्याला जशा तांबड्या हव्यात, तशा कुणाला तरी हिरव्या हव्याच असणार. दोघांनी समोरासमोर अदलाबदल केली की खिडकीची गरज काय? ते पुलाच्या कठड्यापाशी पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागले.

पहिली सापडली एक नर्स. पलीकडच्या दवाखान्यातली रात्रपाळी संपवून घरी निघाली होती. पगार तांबड्यांत आणि घरभाडं हिरव्यांत.

"काहीच कापणार नाही तुम्ही?" तिने संशयाने विचारलं.

"बाई, मी वजनमापे खात्यातला माणूस आहे," मामा म्हणाले.

दोन हजार बदलले. मामांनी एकेक नोट उजेडात धरून पाहिली आणि तिलाही आपल्या नोटा तशाच पाहायला लावल्या. नर्सने जाताना चार मैत्रिणींना फोन केले. मग कारखान्यातले लोक आले, मग एक शिक्षक, मग दोन सुतार. बारा वाजेपर्यंत पिशवीत नऊच्या नऊ हजार तांबड्या जमल्या. मामांची छाती फुगली. तिथेच उठून ते चालू लागले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण समोर एक बाई येऊन उभी राहिली. "काका, फुकट बदलून देणारे तुम्हीच ना? आईच्या तपासण्या आहेत पलीकडे. तीनशे तांबड्या द्याल?"

आईच्या तपासण्यांना नाही कसं म्हणायचं? तीनशेच तर जातील, आणखी एखादी नर्स येईल की. मामांनी तीनशे दिले. तिच्या मागे एक विद्यार्थिनी होती, फी भरायची होती. तिच्या मागे एक न्हावी होता, त्याला पलीकडून खुर्ची आणायची होती. खिडकीला टाळून जाणारा प्रत्येक माणूस मामांना आपलाच वाटत होता. त्यांनी रांग लावली. कुणी मध्ये घुसला तर त्याला शेवटी पाठवलं. लोक जाताना मनापासून आशीर्वाद देत होते. निवृत्तीनंतर इतका सुंदर दिवस त्यांना मिळालाच नव्हता.

दोन वाजता पोलीस आला.

"काका, परवाना आहे का पैसे बदलायचा?"

"मी धंदाच करत नाही. एक पैसा घेत नाही."

"एकही नाही?"

"विचारा या सगळ्यांना."

पोलिसाने डोकं खाजवलं. "काहीच घेत नाही, तर मी लिहू तरी काय?" मग इकडेतिकडे पाहून त्याने खिशात हात घातला. "बरं, मला सहाशे तांबड्या द्या. मेव्हण्याला द्यायच्यात."

सव्वातीनला मामींचा फोन आला. "अहो, आहात कुठे? ओव्हन अगदी झकास आहे! पण ते आजोबा कंटाळून बाहेर गेलेत मघाशीच. तांबड्या जमल्या ना?"

"जमल्या म्हणजे काय! केव्हाच जमल्या!" असं म्हणत मामांनी पिशवीत हात घातला. हात हिरवा निघाला. पुन्हा घातला, पुन्हा हिरवा. पिशवी उलटी केली. नऊ हजार हिरव्या. सकाळी आणल्या होत्या तेवढ्याच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

आता कुठे मामांच्या लक्षात आलं, की सकाळी पलीकडून घरी येणारे लोक तांबड्या विकतात आणि दुपारी तिकडे जाणारे त्याच विकत घेतात. हे पुलावरच्या भिकाऱ्यालाही ठाऊक असेल. "करतो फोन," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, अभिमान गिळला आणि खिडकी गाठली.

"नऊ हजार तांबड्या. घे तुझे एकशे ऐंशी!"

खिडकीवाल्याने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. "कुठून देऊ? मला तांबड्या रात्रपाळीवाल्यांकडून मिळतात. आज सकाळपासून एकही जण फिरकला नाही. सगळे म्हणे कठड्यावर जातायत."

मामा परत येऊन कठड्यावर बसले. सहा वर्षं पहाटे उठून पीठ मळणारी बायको त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. तिने कधी काही मागितलं नव्हतं. आज एकच काम सांगितलं होतं. तेही साधं, चालत जाऊन करण्यासारखं.

"बदलून देणारे आपणच का?" एक वाकलेले आजोबा समोर उभे होते.

"तांबड्या संपल्या, आजोबा," मामा खालमानेने म्हणाले.

"तांबड्या नकोत हो. हिरव्या पाहिजेत. नऊ हजार."

मामांनी मान वर केली. "तांबड्या आणल्यात?"

"अजून हातात नाहीत. चार वाजता माणूस घेऊन येणाराय म्हणे. सकाळपासून त्याची बायको माझ्या बेकरीत बसून आहे, बिचारी चांगली आहे, माझं सगळं दुकान झाडून काढलंन. नवऱ्याचा पत्ता नाही. मी उद्यापासून मुलीकडे राहायला येतोय, तुमच्या बाजूला. तिथे या तांबड्यांचं मी काय करू? खिडकीत विचारलं तर एकशे ऐंशी कापतो म्हणाला. मग कुणीतरी सांगितलं, कठड्यावर एक वेडा बसतो, तो फुकट देतो."

मामा ताडकन उठले. "वेडा मीच. आणि चार वाजता येणारा माणूसही मीच."

आजोबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"पण तुम्ही फोनवर तांबड्याच म्हणालात ना!" मामा कळवळून म्हणाले.

"माझ्या गावात विकतोय तर तांबड्याच म्हणणार! हिरव्या चालतील का, असं विचारलंत का तुम्ही?"

कुणीच विचारलं नव्हतं. चारला दहा कमी असताना मामा धापा टाकत बेकरीत शिरले आणि पाठोपाठ आजोबा. मामींनी पिशवीतल्या हिरव्या नोटा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. मग आजोबांनी त्याच नोटा हसत मोजायला घेतल्या. काय घडलं ते उमगताच मामी मटकन पिठाच्या पोत्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे दिवसभरात तुम्ही शेवटी बदललं काय?"

"एकशे ऐंशी वाचवले," मामा पुटपुटले.

"माझेही," आजोबा म्हणाले.

ओव्हन टेम्पोत चढला तेव्हा पाच वाजले होते. टेम्पोवाला पलीकडचा. त्याने भाडं सांगितलं, पस्तीस तांबड्या, हिरवी चालणार नाही. आता आजोबांकडेही सगळ्या हिरव्याच होत्या. मामांची नजर आपोआप पुलाच्या कठड्याकडे वळली.

"खबरदार!" मामी म्हणाल्या.

टेम्पो पूल ओलांडून खिडकीपाशी थांबला तसे मामा उतरून खिडकीत गेले. एव्हाना तिथे थोड्या तांबड्या आल्या होत्या.

"पस्तीसवर किती कापणार? सत्तर पैसे ना?"

"शंभराच्या आत असेल तर सरसकट पाच," खिडकीवाला म्हणाला.

सातवा हिस्सा! तीस वर्षांत एवढा खोटा काटा मामांनी पाहिला नव्हता. त्यांनी भांडायला तोंड उघडलं. पण मागे टेम्पोत मामी ओव्हनला पाठ टेकून उभ्या होत्या, केसांत पीठ होतं, आणि सोळा ट्रे त्या बोटाने पुन्हा पुन्हा मोजत होत्या. मामांनी तोंड मिटलं आणि चाळीस हिरव्या पुढे सरकवल्या.

खिडकीवाल्याने पस्तीस तांबड्या मोजून दिल्या. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "काका, उद्या सकाळी बसणार का हो कठड्यावर?"

"छे," मामा म्हणाले. "उद्या पहाटे चार वाजता मला पीठ मळायला उठायचंय."

तसं त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.