रामटेकच्या वाटेवरचं सासर

रामटेकला जायचं, पण वाटेत कोणाच्याही घरी उतरायचं नाही, एवढी एकच अट देवकीनं घातली होती आणि रुपरावांनी ती गळ्याची शपथ घेऊन मान्य केली होती. शपथ घेताना त्यांचा हात गळ्यावर नसून पोटावर होता, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बायकोला मी पुष्कळ फिरवलं, असं रुपराव कचेरीत सांगत आणि ते अगदीच खोटं नव्हतं. उमरेडला बारसं, काटोलला डोहाळजेवण, तुमसरला तेरवी. विदर्भातलं एकही गाव देवकीनं सोडलं नव्हतं आणि एकाही गावात स्वयंपाकघराच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. पवनीला जाऊन आलेल्या माणसाला लोक किल्ला कसा वाटला म्हणून विचारतात. देवकीला तिथल्या चुलीचा धूर कोणत्या बाजूला जातो, ते सांगता आलं असतं.

"मले दोन दिवस अशा जागी राहाचं आहे, जिथं मले कोणी सुनबाई म्हणणार नाही," ती म्हणाली होती. "गड पाहीन, नगरधनचा किल्ला पाहीन, खिंडसीच्या तलावाकाठी बसीन. अन् दुसऱ्यानं केलेला चहा पिईन. बस, एवढंच."

रुपराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. साहेबांची खुशामत करण्यात इतकी वर्षं गेली होती, त्यातून निदान तलावाकाठच्या विश्रामगृहातली एक खोली निघाली. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. मुलांना लकडगंजला मावशीकडे सोडलं, खोलीची चिठ्ठी देवकीनं आपल्या पर्समध्ये ठेवली आणि थंडीतल्या कोवळ्या उन्हात स्कूटर निघाली. देवकीनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. इंदोऱ्यापर्यंत ती गुणगुणतही होती.

आता रुपरावांचं एक तत्त्व होतं. माणसानं देवळावरून हात न जोडता जावं एक वेळ, पण नातेवाइकाच्या गावावरून तोंड न दाखवता जाऊ नये. जो तोंड दाखवत नाही त्याला शेवटी खांदा द्यायला कोणी येत नाही, असं ते म्हणत. खांद्याची एवढी काळजी घेणाऱ्या या गृहस्थांची तब्येत उत्तम होती. कामठी जवळ आली तशी त्यांची स्कूटर हळू झाली.

"आत्याबाईचं घर रस्त्यालेच लागून आहे," ते म्हणाले. "न उतरता नुसतं तोंड दाखवू."

रस्त्याला लागून असलेलं ते घर तीन गल्ल्या आत निघालं. आणि भागीरथा आत्याच्या दारातून न उतरता परत गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. भाचा आला, सून आली, म्हणून आत्यानं लगेच वडाभाताची डाळ वाटायला घेतली. घेतली म्हणजे देवकीच्या हाती दिली. पाहुणी म्हणून आलेल्या सुनेनं पाटावर बसून राहावं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? सकाळच्या त्या वेळी वडाभात, वर कडकडीत फोडणीचं तेल आणि कढी. देवकीची ओटी भरली गेली आणि निघताना आत्यानं लुगड्यांचा एक दांडगा गठ्ठा स्कूटरवर आणून ठेवला. तिचा मुलगा हातमागावर लुगडी विणायचा. जातच आहेस तर मनसरच्या मामाकडे एवढं पोचवून दे, असं तिचं म्हणणं पडलं.

म्हणजे आता मनसरला मामांकडे उतरणं आलं. आणि आत्याकडे जेवून, मामांकडे उतरून, मधल्या कन्हानला चुलतभावाला टाळलं तर? रुपरावांच्या अंगावर काटा आला. देवकी मागून काही बोलली, पण गठ्ठा मध्ये असल्यामुळे त्यांना ते ऐकू आलं नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं.

कन्हानला चंद्रभान दारातच उभा होता. नुसता चहा घेतो, जेवण झालंय, हे वाक्य रुपरावांनी तिथं उच्चारलं आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

"आत्याकडं जेवले," चंद्रभान म्हणाला, "अन् आमच्या घरी काय इख शिजते काय गा?"

मग दुसरं जेवण झालं. ते आत्याकडच्यापेक्षा तसूभरही कमी होऊन चालणार नव्हतं, म्हणून त्यात बेसनाच्या पातोड्या होत्या आणि त्या देवकीनं थापल्या होत्या. तिची पुन्हा ओटी भरली. नदीकाठच्या मळ्यातल्या वांग्यांचं पोतं आणि एक भलामोठा कोहळा मामांसाठी स्कूटरच्या पायाशी जाऊन बसला. ऊन डोक्यावर आलं होतं. देवकी पदराला हात पुसत बाहेर आली, तर मागच्या सीटवर तिच्या जागी पार्वती काकू बसलेल्या.

पार्वती काकू म्हणजे चंद्रभानची आई. मनसरचे मामा त्यांचे मानलेले भाऊ. पायांनी त्या अधू झाल्या होत्या, त्यामुळे बसमध्ये चढता येत नव्हतं. गाडी दारात आयती आली होती आणि म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं रुपरावांच्या रक्तात नव्हतं. त्यांच्या रक्तात बायकोला नाही म्हणणं मात्र होतं.

"तू यष्टीनं ये वं," ते देवकीला समजावत म्हणाले. "मनसरच्या फाट्यावर उतर, मी तिथं उभाच आहो. तासाभराचा तर प्रश्न आहे."

देवकीनं काकूंकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. ती भांडेल म्हणून रुपरावांनी तोंडात दोन-तीन समजुतीची वाक्यं तयार ठेवली होती. पण ती फक्त बरं म्हणाली. किती समजूतदार बायको मिळाली आपल्याला, असं वाटून त्यांना भरून आलं. काकूंनीही संस्कार चांगले असल्याचं बोलून दाखवलं.

मनसरच्या फाट्यावर रामटेकची बस आली, तेव्हा रुपराव खरोखरच उभे होते. बसमधून एक शेळी उतरली, शेळीचा मालक उतरला. देवकी खिडकीशी बसली होती. रुपरावांनी हात केला. तिनंही हात केला, अगदी हसून. आणि कंडक्टरनं घंटी मारली, तशी बस हलली.

स्कूटरला किक मारून ते तिच्या मागे जाऊ शकले असते. रामटेक तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण मागच्या सीटवर काकू होत्या, पायाशी कोहळा होता आणि फाट्यावरून वर्दी मिळाल्यानं समोरून गणपतराव मामा स्वतः त्यांना घ्यायला चालत येत होते. मामांनी जाणारी बस पाहिली होती.

"सून तोंड न दाखवता गेली?" मामांनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणूनच रुपराव घाबरले.

तिला देवदर्शनाची घाई होती, नवस होता, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की, सून अशी निघून गेली हे साऱ्या फाट्यानं पाहिलंय. आता भाचाही पायाला पाय लावून पळाला तर घरात भांडण आहे, असं लोक म्हणतील. बायकोनं केलेला अपमान नवऱ्यानं भरून काढायचा, याला एकच मार्ग होता आणि तो जेवणाच्या पाटाकडे जात होता. मामींनी नवरा-बायको दोघांच्या हिशेबानं केलं होतं. दोघांचं एकट्या रुपरावांनी खाल्लं.

रात्री राहणं ओघानंच आलं. एकटी बाई कुठं जाईल, कंटाळून सकाळी आपणच येईल, अशी त्यांनी पोटाला आणि मनाला एकदम समजूत घातली. सकाळी देवकी आली नाही. मामांचे धाकटे भाऊ मात्र आले. ते पलीकडच्या वस्तीत राहत आणि मोठ्याकडे जेवलास तर माझ्याकडे का नाही, हे विचारायला आले होते. तिथून सुटून रुपराव खिंडसीला पोचले तेव्हा रविवारचं ऊन कलायला लागलं होतं. पोटात कळ येत होती आणि रामटेकचा गड त्यांनी स्कूटरवरून ओझरता पाहिला, तोही ढेकर देताना.

विश्रामगृहाच्या पायरीवर तिथला खानसामा धोंडबा तांदूळ निवडत बसला होता. रुपराव सरळ आत जाऊ लागले, तसा तो सूप खाली ठेवून आडवा आला.

"बाईनं सांगून ठेवलं हाये," तो म्हणाला. "कोणी नातेवाईक आले तर आत सोडाचं नाही."

"अरे, मी नातेवाईक नाही. मी नवरा होय."

धोंडबानं यावर खरोखर विचार केला. "मंग नवरा नात्यात नाही येत काय, साहेब?"

उभ्या जन्मात त्यांनी नात्याला नाही म्हटलं नव्हतं. आतेसासूच्या नणदेच्या दिरालाही त्यांनी आपलं म्हटलं होतं. पण पोटात पुन्हा कळ आली आणि आत खाट होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जवळपास ओळखीचं कोणी नाही याची खात्री केली.

"मी तिचा कोणी लागत नाही, असं समज," ते हळूच म्हणाले. "आता तर सोड."

"मंग तर बिलकुल नाही," धोंडबा म्हणाला. "एकटी बाई हाये."

शेवटी त्यालाच दया आली. बाई खोलीत नाहीतच, असं त्यानं सांगितलं. काल गड पाहून आल्या, आज सकाळी टांग्यानं नगरधनचा किल्ला पाहून आल्या, दुपारी दोनदा चहा मागवला आणि आता नावेतून तलावात गेल्यात. एवढं बोलून तो पुन्हा तांदूळ निवडायला बसला.

रुपराव काठाशी गेले. पाणी सोनेरी झालं होतं आणि एक नाव संथपणे काठाकडे येत होती. हिरवी साडी त्यांनी ओळखली. एवढा निवांत चेहरा मात्र ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण तो त्यांनी घरी कधी पाहिला नव्हता. त्यांनी रुमाल काढून हलवला, नावानं हाक मारली. नावाड्यानं वल्हं थांबवून काठावरच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि बाईंना काहीतरी विचारलं.

देवकीनं उन्हासाठी कपाळावर आडवा हात धरून काठाकडे नीट पाहिलं. मग ती नावाड्याशी दोन शब्द बोलली. नाव काठापासून हळूच वळली आणि पुन्हा तलावाच्या मध्याकडे निघाली.