कोंबडा बाथरूममध्ये, बकऱ्यांना धूप

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एडनाने ठरवलं की शेजारच्या शेतातला कोंबडा थोडा वेळ आपल्या बाथरूममध्ये ठेवायचा. एवढंच ठरवलं होतं हो तिने!

शेत होतं उम्म राशिद नावाच्या म्हातारीचं. अमिरातीतल्या फुजैरा शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी तिच्या सासऱ्याने लावलेलं. खजुराची झाडं, दहा-बारा बकऱ्या, कोंबड्या आणि त्यांचा हा एकुलता एक नवरा. कुंपणाला लागून नवी वसाहत झाली, आणि तिथल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर वसईची एडना, तिचा विल्फ्रेड आणि अडीच वर्षांची सोफिया राहायला आली.

आता सोफियाचं सांगायला हवं. शारजात अल मजाजच्या फ्लॅटमध्ये होती तोवर ही पोर घास तोंडात धरून बसायची. डॉक्टर वजनकाट्याकडे बघून मान हलवायचे आणि एडना लिफ्टमध्ये रडायची. इथे आल्यावर खिडकीतून बकरी दिसली आणि पोरीने आपणहून तोंड उघडलं. तेव्हापासून नियमच झाला. "खा गो बाय," म्हटलं की उत्तर यायचं, "गोट फर्स्ट!" बकरी समोर आली की वाटी चाटूनपुसून साफ. गालांवर मांस चढलं. एडनाला ते शेत म्हणजे पोरीचं टॉनिकच वाटायचं.

आणि त्या टॉनिकवर वरच्या मजल्यावरच्या मुरलीधर साहेबांनी तक्रार ठोकली होती. वास येतो, कोंबडा ओरडतो, शेत हलवा. आज आठ वाजता नगरपालिकेचे इन्स्पेक्टर बघायला येणार होते.

शेत गेलं तर? एडनाच्या डोक्यात पोर वाळून काडी झाली, सलाइन लागली, वसईहून आई रडत विमानात बसली. (हे सगळं दात घासता घासता.)

ती तशीच गाऊनवर शेतात गेली. शेत सांभाळणारा गनी पाणी सोडत होता.

"गनीभाई, मुर्गा दे दो. आठ बजे के बाद वापस."

"पकाने के लिए?"

"नहीं हो, छुपाने के लिए!"

कोंबडा अंधाऱ्या बाथरूममध्ये गपगार बसला. राहिला वास. वसईला घरात मासळीचा वास राहिला की आई चर्चमध्ये फिरवतात तसा लोबान फिरवायची. मासळीला चालतो तर बकरीला का नाही? एडनाने धुपाटणं पेटवलं, वर उदाचे मोठे तुकडे टाकले आणि एकेका बकरीला ओवाळत सुटली. बकऱ्या शिंकायला लागल्या.

गनीने कपाळावर हात मारला. "बहनजी, ये बकरी है, दुल्हन नहीं."

धूर मात्र सरळ वर चढला आणि मुरलीधर साहेबांच्या बाल्कनीत शिरला. तेवढ्यात विल्फ्रेड अर्धवट झोपेत बाथरूममध्ये गेला आणि त्याने दिवा लावला.

कोंबड्याला वाटलं, उजाडलं!

बाथरूममधली बांग हवा जायच्या डक्टमधून सगळ्या घरांत एकदम निघाली. विल्फ्रेड टॉवेल सावरत बाहेर पळाला. "एडना! आपल्या कमोडवर कोण बसलंय?"

नेमके त्याच वेळी, आठच्या ठोक्याला, इन्स्पेक्टर फाटकात उभे. मुरलीधर साहेब नाइट सूटमध्येच खोकत खोकत उतरले.

"बघा साहेब, बघा! धूर, वास, आवाज, काय कमी आहे का?"

इन्स्पेक्टर माणूस शांत होता, हिंदी चांगलं बोलायचा. म्हणाला, "ही वसाहत बांधायला परवानगी दिली तेव्हाच अट घातली होती. शेत आधीचं, घरं नंतरची. शेताचा रोजचा वास, रोजचे आवाज, यावर तक्रार चालणार नाही. खलास." मग तो वाकला, एका बकरीजवळ नाक नेलं आणि चपापला. "पण हा रोजचा वास नाही. या बकरीला माझ्यापेक्षा चांगला वास येतोय! इथे काय जाळता तुम्ही? असल्या धुराला माफी नाही, शेताला नोटीस द्यावी लागेल."

इन्स्पेक्टरसाठी कॉफी घेऊन आलेल्या उम्म राशिदच्या हातातली किटली तशीच राहिली. तिचा उतरलेला चेहरा एडनाने बघितला. वाचवायला गेली आणि बुडवून बसली की!

दवाखान्यात पोरीचं नाव सांगतानासुद्धा नवऱ्यामागे लपणारी बाई ती. पण पुढे झाली. "साहब, धुआँ मैंने किया. शेतवालों का कुछ कसूर नहीं."

"और मुर्गा? आवाज तो घर से आ रही है."

"वो... मेहमान आया है."

कोंबड्याने आतून दुजोरा दिला.

इन्स्पेक्टरने हसू मिशीत दाबलं. "बेहन, ऐका. कोंबडा शेतात ओरडला तर ती शेती. बाथरूममध्ये ओरडला तर तो उपद्रव. शेतावरची तक्रार रद्द. ताकीद फक्त तुम्हाला."

"म्हणजे शेत राहणार?"

"शेत राहणार."

एडनाने उम्म राशिदला अशी मिठी मारली की किटली गनीला धरावी लागली. मुरलीधर साहेब खोकणं विसरले.

"ताकीद मिळाली म्हणून एवढं नाचणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

"मग बघा ना पोटभर!" एडना म्हणाली. (हे वाक्य तिने नंतर फोनवर वसईला सगळ्यांना ऐकवलं.)

जिंकल्याच्या ऐटीत तिने पेजेची वाटी आणली, सोफियाला कडेवर घेतलं आणि बकरीसमोर उभी राहिली. "घे गो बाय, गोट फर्स्ट!"

सोफियाने वास घेतला. नाक मुरडलं.

"दिस इज नॉट गोट. दिस इज चर्च."

आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

मग काय, दुपारपर्यंत एडना गनीबरोबर पाइप धरून एकेक बकरी घासत होती. शेवटची बकरी पुन्हा बकरीसारखी वास मारायला लागली तेव्हा पोरीने आ केला, आणि तोवर एडनालाच तसा वास यायला लागला होता. विल्फ्रेडने तिला घरात घ्यायच्या आधी दारातच बादली आणून दिली.

तुमच्या ओळखीत कुणी शेताशेजारी राहायला जात असेल, तर त्याला एवढा निरोप नक्की द्या: शेताला सांभाळायला नियम समर्थ आहे, तुम्ही मदतीला जाऊ नका.