खांबाला पाठ लावून

तुमच्या घराचा भार कोणत्या खांबावर आहे, ते तुम्हाला दाखवता येईल? नाही ना? आमच्या मल्लिनाथअण्णांना अख्ख्या गल्लीचे खांब तोंडपाठ आहेत.

अण्णा मूळचे वळसंगचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर. सांगोल्याच्या पाण्याच्या टाक्यांपासून सोलापुरातल्या शाळांपर्यंत किती छपरं त्यांच्या हिशेबावर उभी आहेत! कच्च्या नकाशावर त्यांनी कधी सही केली नाही. बिल्डर चिडले, कामं गेली, अण्णा ढिम्म.

लग्नाला गेले की आधी कार्यालयाचा खांब बोटांनी वाजवतात आणि त्याला कानडीत विचारतात, "ह्यांग अदी?" कसा आहेस? एकदा नवरदेवाच्या मामानं विचारलं, "मुलगी कशी वाटली?" अण्णा वर बघत म्हणाले, "तुळई लई चांगली हाय."

घराघरांतल्या भेगांवर ते काचेची पट्टी चिकटवतात. भेग वाढली की काच तडकते. दर सोमवारी ती तपासायला येतात. आमच्या स्वयंपाकघरातही एक आहे.

उन्हाळ्यात आमच्या तळमजल्यावरच्या राजूशेठला कापडाचं दुकान मोठं करायचं होतं. मधे खांब येत होता. तो कापायला मशीन आलं. मी तावातावानं पत्रक लिहायला बसले. अण्णांनी खुर्ची आणली आणि खांबाला पाठ लावून बसले.

"उठा की अण्णा! घरी बोलायला कुणी न्हाय म्हणून खांबाशी बोलता व्हय?" राजूशेठ ओरडला.

माणसं हसली. काकू गेल्यापासून अण्णा एकटेच राहतात.

"काप की, राजू," अण्णा शांतपणे म्हणाले. "फक्त आधी वर जा. ह्यो खांब ज्यांच्या चुलीखाली हाय, त्यांना सांगून ये."

राजूशेठ तणतणत वर आमच्याकडे आला. आईनं दार उघडलं. "राजू? ये की! शेंगाचटणी आत्ताच कुटलीय, भाकरी खाऊन जा."

तो खाली मान घालून जेवला. खाली गेला आणि मशीन परत पाठवलं. माझं पत्रक अजून मथळ्यावरच अडलेलं होतं.

सोमवारी अण्णा काच बघायला आले. कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग म्हणजे नुसता गिलावा, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी वाकून पाहिलं.

"अण्णा, ही तर गिलाव्याची भेग. इथं काच कशाला?"

ते काचेवरची धूळ पुसत राहिले. "काच नसली, तर दर सोमवारी काय सांगून यायचं गं?"

आईनं चहाचं आधण वाढवलं.

खांब कापायचा असेल, तर आधी वरच्या घराचं दार वाजवा. आणि तुमच्या भिंतीवर अण्णांची काच असेल, तर भेग बुजवली तरी ती काढू नका.