अंबडचा अळणी समुद्र

बायकोला सगळंच्या सगळं खरं सांगू नये, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी त्या दिवशी दवाखान्यातून येताना काय बुद्धी झाली कोण जाणे, घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी बोलून गेलो, "डॉक्टर म्हणाले, प्रेशर वाढलंय. मीठ जरा कमी करा."

आमची बेबीनंदा कोणतंही काम अर्धवट करत नाही. संध्याकाळपासून वरणातलं मीठ गेलं, भाजीतलं गेलं, भाकरीतलं गेलं. लोणच्याची बरणी शेजारी पुंजाराममामांच्या घरी मुक्कामाला गेली. मी पहिला घास तोंडात घातला आणि विचारलं, "यात काहीच नाही का टाकलं?"

"हळद आहे की," ती म्हणाली.

आता घरात मीठच नव्हतं असं नाही. चांगलं बादलीभर होतं. पण ते माशांचं होतं.

त्याचं असं आहे, आमची एकुलती एक लेक प्रीती मत्स्यशास्त्र शिकली. आमच्यापासून समुद्र इतका लांब, की गल्लीत तो पाहिलेली माणसं शोधावी लागतील. पण पोरगी जिद्दीची. तिनं समोरच्या खोलीत टीव्हीची जागा रिकामी करून तिथं काचेच्या टाकीत समुद्र केला आणि त्यात दोन जोकर मासे सोडले. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. या जातीत मोठी असते ती मादी आणि लहान असतो तो नर. मोठी मॅडम दिवसभर लहान साहेबांना कोपऱ्यात दाबून ठेवायची. बेबीनंदाला ही व्यवस्था फार पसंत पडली.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्रीती ट्रेनिंगसाठी कोकणात निघाली. तिथंच नोकरीही मिळत होती. जाताना म्हणाली, "पप्पा, माझं ठरलंय. हे दोघं अंबडच्या उन्हाळ्यात तगले, तर मी जालन्यात दुकान टाकते, समुद्री माशांचं. न्हाई तगले, तर मंग तिकडची नोकरी घेते."

म्हणजे लेक घरी राहणार की समुद्राकाठी जाणार, ते या दोन माशांवर आलं. मी हसून "जा बिनधास्त" म्हणालो खरा, पण एसटी सुटली तेव्हा वळणापर्यंत तिच्यामागं चालत गेलो. बेबीनंदा तर परत येताना रस्ताभर एक शब्द बोलली नाही. (यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.)

काम सोपं होतं. टाकीतलं बादलीभर पाणी काढायचं, कॅनच्या पाण्यात पिवळ्या बादलीतलं खास समुद्री मीठ मापानं विरघळवायचं आणि ते टाकीत ओतायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी लहान साहेबांच्या अंगावर पांढरे बारीक ठिपके दिसले.

"मीठ नीट विरघळलं नसेल," मी म्हणालो. "कण चिकटलेत." आणि वरणाची पळी घेऊन समुद्र ढवळला. मॅडमनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी पळी धुऊन जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब दगडाला अंग घासू लागले. खाणं बंद. बेबीनंदानं पुंजाराममामांना बोलावलं. मामांची मोसंबीची बाग आहे, त्यामुळे जगातले सगळे रोग त्यांना ओळखू येतात. त्यांनी काचेला नाक लावलं.

"पिठ्या ढेकूण," मामा म्हणाले. "मोसंबीवर आला म्हंजे बराबर असाच दिसतो. आणू का फवारणीचा पंप?"

"मामा, मासा पाण्यात आहे."

"मंग तर बेस झालं. पाणी मारायची मेहनत वाचली." मग म्हणाले, "न्हाईतर थोडं मोरचूद टाका. बुरशीला, किडीला, सगळ्याला चालतं."

मी घाईघाईनं प्रीतीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन काचेजवळ धरायला सांगितला आणि तिचा चेहराच उतरला.

"पप्पा, ते मीठ न्हाई. परजीवी आहे. बारीक किडा, माशाच्या कातडीत घुसतो. त्याचे फोड आहेत ते."

"मामा मोरचूद टाका म्हणून राह्यले."

"मामा अगदीच चुकीचं न्हाई सांगून राह्यले. याचं औषध तांब्याचंच असतं आणि मोरचुदातही तांबंच असतं. पण माप जरा चुकलं की मासा खलास. बिलकुल हात लावू नका. ट्रेनिंग संपलं की मी औषध घेऊनच येते."

मामा दिवसभर छाती काढून गल्लीत फिरले.

आणि दोन-चार दिवसांत चमत्कार झाला. ठिपके गायब! मी ऑफिसात पेढे वाटले. (बेबीनंदानं पेढ्यातही मीठ नसल्याची खात्री करून घेतली होती.) पण आठवड्याच्या आत ठिपके परत आले, पहिल्यापेक्षा दाट, आणि आता मॅडमच्या पंखांवरही. प्रीती फोनवर म्हणाली, "तो किडा गेला नव्हता, पप्पा. अंगावरून गळून वाळूत बसतो आणि तिथं एकाचे शेकडो होतात."

थोडक्यात, लग्नाला एकटा येऊन गेलेला पाहुणा पुढच्या कार्याला सगळं गाव घेऊन आला होता.

"आता दिवसाआड पाणी बदला," ती म्हणाली. "नळीनं वाळूतली घाण ओढून काढा. मीठ मापानं घाला." मग हळूच म्हणाली, "तिकडच्या नोकरीचं मला कळवावं लागणारे, पप्पा."

फोन ठेवून आम्ही दोघं टाकीसमोर जाऊन बसलो. साहेब तळाशी धापा टाकत होते. मला खरंच रडू येत होतं.

दिवसाआड समुद्र कालवायचा म्हणजे दिवसाआड मिठाच्या बादलीत हात घालणं आलं. आणि माझी जीभ तर मिठाची चव विसरून गेलेली. एकदा माप भरताना चिमूटभर जिभेवर ठेवलं. किंचित कडवट लागलं, पण दुधाची तहान ताकावर! मग एक छोटा डबा भरून घेतला. माशाच्या मापातलं थोडं मीठ माझ्या डब्यात. बादलीतला हिशोब बराबर.

डबा ऑफिसात गेला. आमच्या गेटसमोर कैरीवाला बसतो. माझ्या कैरीवर ते पांढरंशुभ्र मीठ पाहून शिपाई वसंता म्हणाला, "भाऊसाहेब, हे कोणतं मीठ हो?"

"समुद्राचं," मी ऐटीत म्हणालो. "इंपोर्टेड."

झालं! दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस कैरी घेऊन माझ्या टेबलापाशी. मोठे साहेबही आले. त्यांना नाही कसं म्हणणार? डबा मोठा करावा लागला. त्याच सुमारास ऑफिसात सगळ्यांची पोटं बिघडली आणि एकमेव संडासापुढं रांग लागू लागली. सगळ्यांनी कैरीवाल्याला शिव्या दिल्या. मीही दिल्या.

डबा वाढला तसं माशांचं माप आटलं. आधी पाऊण, मग अर्धं, शेवटी शेवटी तर नैवेद्यापुरतं. माशांना काय कळतंय, असा माझा हिशोब होता.

आणि नवल असं, की टाकीतले साहेब खायला लागले. ठिपके गेले आणि या वेळी परत आलेच नाहीत. मॅडमनं त्यांना पुन्हा कोपऱ्यात दाबायला सुरुवात केली, तेव्हा बेबीनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "संसार सुरू झाला बाई यांचा," ती म्हणाली.

प्रीती आली ती औषधाची बाटली हातात घेऊनच. पिशवी दारात टाकून टाकीसमोर बसली. बराच वेळ पाहिलं. मग पाण्याचा थेंब टाकून डोळ्याला लावायचं एक नळीसारखं यंत्र काढलं. एकदा पाहिलं, पुसलं, परत पाहिलं.

"पप्पा! पाण्यातलं मीठ अर्ध्याच्याही खाली आलंय!"

मी खाली बघितलं. मासे वाचले आणि बाप मेला, असं मला वाटलं.

"एवढं हळूहळू कसं जमवलं तुम्ही? अहो, हाही या रोगावरचा इलाज आहे! कमी मिठात तो किडा तगत न्हाई, मासा तगतो. मीच तुम्हाला सांगितलं न्हाई, म्हटलं यंत्राबिगर तुम्हाला झेपायचं न्हाई."

"अंदाज," मी नम्रपणे म्हणालो. "अनुभव म्हण हवं तर."

तिनं मला मिठीच मारली. "मी नोकरीला नको म्हणून कळवते. दुकान जालन्यातच!" बेबीनंदानं पदर डोळ्यांना लावला. पुंजाराममामा म्हणाले, "मी तांबं सांगितलं, यांनी मीठ काढलं. डोकं आहे माणसाला." त्या क्षणी मी काय सुखात होतो म्हणून सांगू! माझी लेक घरी राहणार होती आणि तीही माझ्यामुळे.

"म्हंजे मीठ भरपूर उरलं असेल," म्हणत प्रीतीनं पिवळी बादली उघडली.

बादलीचा तळ दिसत होता.

"मम्मी, टाकीत मीठ घातलं न्हाई. मंग बादलीतलं गेलं कुठं?"

बेबीनंदानं टाकीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडे. तिला विचारावं लागलं नाही. ती थेट माझ्या ऑफिसच्या पिशवीकडे गेली आणि डबा काढून समोर ठेवला.

"पप्पा, ते खायचं मीठ न्हाई!" प्रीती ओरडली. "पोट बिघडतं त्यानं!"

"तरीच," मी म्हणालो. (नको होतं म्हणायला.)

दुसऱ्याच दिवशी बेबीनंदानं मला दवाखान्यात नेलं. प्रेशर पहिल्यापेक्षा चढलेलं. तिनं डॉक्टरांना पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर एवढे हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला.

"पण ताई," ते डोळे पुसत म्हणाले, "दोघांनाही मीठ कमी करायचा एकच इलाज. माशाला गुण आला, मग यांना का नाही?"

बेबीनंदा शांतपणे म्हणाली, "माशाला हात न्हाईत ना, डॉक्टरसाहेब."